औंधच्या घरात 'बीफ रोल' शिजवता येईल का? कायदा, म्हशीचं मांस आणि म्हाताऱ्या खिल्लार बैलाचा हिशेब

समजा, सातारा जिल्ह्यातल्या औंध गावात एका घरी सगळं कुटुंब जमलं आहे. जर्मनीत नोकरी करणारी मुलगी सुट्टीला आली आहे आणि तिकडे खाल्लेलं 'रुलाडन' घरच्यांना करून घालायचं तिच्या मनात आहे. बीफचा रुंद, पातळ काप घ्यायचा. त्याला मोहरीची चटणी लावायची, वर कांदा आणि खारवलेली काकडी ठेवायची, गुंडाळी करून दोऱ्याने बांधायची, तेलावर परतायची आणि मंद आचेवर शिजू द्यायची. इटलीत याच जातीच्या पदार्थाला 'ब्राचोले' म्हणतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज वळणाचं 'रूलाड' होतं.

कृती अवघड नाही. अडतं ते पहिल्याच ओळीला. 'बीफचा रुंद, पातळ काप घ्या.' तो औंधमध्ये कुठून घ्यायचा? घेतला तर गुन्हा होतो का? आणि गुन्हा होत नसेल, तर तो घरापर्यंत आणताना रस्त्यात काय होऊ शकतं?

या प्रश्नांची उत्तरं शोधायला निघालं की आपण स्वयंपाकघरातून थेट गोठ्यात आणि जनावरांच्या बाजारात पोहोचतो. आणि औंध, आटपाडी, म्हसवडचा हा पट्टा तर खिल्लार बैलांचं माहेर. म्हणूनच हा विषय इथल्या संदर्भात समजून घेऊ या.

आधी थोडक्यात उत्तर

महाराष्ट्रात कापलेल्या गाय, बैल किंवा वळूचं मांस विकत घेणं, विकणं आणि जवळ बाळगणं हा गुन्हा आहे.

दुसऱ्या राज्यात कायदेशीररीत्या कापलेल्या जनावराचं मांस महाराष्ट्रात जवळ बाळगणं किंवा खाणं हा गुन्हा नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. त्या निकालाला पुढे सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं.

रेडा आणि म्हैस यांच्या मांसावर राज्यात बंदी नाही. म्हणजे म्हशीच्या मांसाची गुंडाळी करून शिजवायला कायद्याची आडकाठी नाही.

आता यातला एकेक मुद्दा सविस्तर पाहू.

'बीफ' म्हणजे नेमकं कशाचं मांस?

निम्मा गोंधळ या एका शब्दामुळे होतो. इंग्रजीत 'बीफ' म्हणजे गोवंशाचं मांस. पण भारतात बाजारात, हॉटेलात आणि व्यापाराच्या भाषेत म्हशीच्या मांसालाही सर्रास 'बीफ' म्हणतात. त्यासाठी 'कॅराबीफ' असा वेगळा शब्द आहे, पण तो कागदोपत्रीच जास्त. बोली मराठीत तर बकऱ्याचं ते 'छोट्याचं' आणि बैल-रेड्याचं ते 'मोठ्याचं' एवढाच भेद केला जातो.

भारत जगातल्या मोठ्या बीफ निर्यातदारांपैकी एक आहे, अशी बातमी अधूनमधून येते आणि त्यावरून वाद पेटतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आकडेवारीत म्हशीचं मांस 'बीफ'मध्येच धरतात, त्यामुळे ती बातमी तशी दिसते. प्रत्यक्षात भारतातून गोमांसाच्या निर्यातीला बंदी आहे. निर्यात होतं ते म्हशीचं, हाडं काढलेलं मांस. २०२३-२४ मध्ये अशी निर्यात जवळपास १३ लाख टन आणि सुमारे ३१ हजार कोटी रुपयांची होती.

महाराष्ट्राच्या कायद्यात हा भेद स्पष्ट आहे. गाय, वळू आणि बैल यांच्या कत्तलीवर पूर्ण बंदी. म्हशी आणि रेडकं यांच्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं: हे जनावर शेतीच्या, दुधाच्या किंवा पैदाशीच्या उपयोगाचं राहिलेलं नाही, असं त्यात नमूद करावं लागतं.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. हा कायदा गाईची जात पाहत नाही. खिल्लार, गीर, जर्सी, होल्स्टीन, संकरित, सगळ्यांना तो सारखाच लागू आहे.

कायदा इथवर कसा आला?

सुरुवात राज्यघटनेपासून करावी लागते. मार्गदर्शक तत्त्वांमधल्या ४८व्या अनुच्छेदात शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक, शास्त्रीय पद्धतीने करावं असं म्हटलं आहे आणि त्याच वाक्यात गाई, वासरं, दुभती आणि ओढकामाची जनावरं यांची कत्तल रोखण्यासाठी राज्याने पावलं उचलावीत, असंही सांगितलं आहे. पशुधनाचं जतन हा राज्यसूचीतला विषय आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा.

१९५८ मध्ये 'मोहम्मद हनीफ कुरेशी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गाईच्या कत्तलीवरची बंदी वैध ठरवली. मात्र कामातून गेलेल्या बैलांची कत्तल सरसकट बंद करणं वाजवी नाही, असंही म्हटलं. महाराष्ट्राचा १९७६ चा पशुसंरक्षण कायदा याच चौकटीत बसणारा होता. त्यात गाय कापायला बंदी होती, बैलासाठी प्रमाणपत्राची सोय होती. म्हणजे त्या काळात औंधचा शेतकरी थकलेला बैल बाजारात नेऊन कायदेशीररीत्या विकू शकत होता.

१९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने या कायद्यात दुरुस्ती केली आणि बैल व वळू यांनाही पूर्ण संरक्षण दिलं. पण राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि दुरुस्ती जवळपास २० वर्षं पडून राहिली.

मधल्या काळात न्यायालयाची भूमिका बदलली. २००५ मध्ये गुजरातच्या कायद्यावर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने बैलांच्या कत्तलीवरची संपूर्ण बंदी वैध ठरवली. म्हातारा बैलही शेण आणि मूत्र देतो, त्यामुळे तो निरुपयोगी होत नाही, हा त्या निकालातला महत्त्वाचा आधार होता.

मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींनी महाराष्ट्राच्या दुरुस्तीला संमती दिली आणि कायदा लागू झाला. कत्तलीसाठी, तसंच कत्तलीच्या उद्देशाने विक्री किंवा वाहतूक करण्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. नुसतं मांस जवळ सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड.

उच्च न्यायालयाने स्वयंपाकघराबद्दल काय म्हटलं?

या दुरुस्तीत एक कलम '५-ड' होतं. महाराष्ट्राबाहेर कापलेल्या जनावराचं मांसही राज्यात बाळगता येणार नाही, असं ते सांगत होतं. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम रद्द केलं. न्या. अभय ओक आणि न्या. शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नव्हे, तर न्या. ओक आणि न्या. एस. सी. गुप्ते यांच्या खंडपीठाचा हा निकाल. बैलांच्या कत्तलीवरची बंदी त्यांनी कायम ठेवली. पण नागरिकाने आपल्या घरात काय खावं, यात राज्याने असा हस्तक्षेप करणं खासगीपणाच्या हक्काचा भंग करतं, असं त्यांनी मानलं.

त्याच निकालात आणखी दोन गोष्टी झाल्या. मांस बेकायदा नाही हे आरोपीनेच सिद्ध करावं, असं सांगणारं कलम रद्द झालं. आणि राज्यात कापलेल्या गोवंशाचं मांस सापडलं तरी ते तसं आहे हे त्या व्यक्तीला माहीत होतं का, हे पाहावं लागेल, असं ठरलं.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्यातल्या एका स्वतंत्र निकालपत्रात, काय खावं आणि काय ल्यावं हे सरकारने सांगू नये, अशा आशयाचा उल्लेख आहे. त्यामुळे महाराष्ट्राच्या कायद्यावरच्या अपिलांत हा मुद्दा केंद्रस्थानी आला.

म्हणजे तत्त्वतः आपल्या औंधच्या कुटुंबाला बाहेरच्या राज्यातून बीफ आणता येईल. पण कुठून? जवळचं राज्य कर्नाटक. तिथे २०२१ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या कायद्याने सगळ्या गोवंशाच्या कत्तलीवर बंदी घातली आणि फक्त १३ वर्षांवरील म्हशी-रेड्यांना त्यातून वगळलं. उरलं गोवा. तिथे गाईवर बंदी आहे, बैलासाठी प्रमाणपत्राची सोय आहे. पण गोव्याची स्वतःची भिस्त कर्नाटकातून येणाऱ्या जनावरांवर आणि मांसावर. कर्नाटकचा कायदा बदलला तेव्हा गोव्यातला पुरवठा विस्कळीत झाला होता. डिसेंबर २०२४ मध्ये मडगावच्या बाजारात गोरक्षकांशी झालेल्या वादानंतर ऐन नाताळच्या तोंडावर तिथल्या बीफ विक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली होती.

कायदेशीर मांस नेणंही जोखमीचं का झालं?

कारण डब्यात शिजवलेलं मांस गाईचं आहे की रेड्याचं, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते. पण संशय घेणारे अहवालाची वाट पाहत नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईकडे येणाऱ्या रेल्वेगाडीत एका वृद्ध प्रवाशाला सहप्रवाशांनी गोमांसाच्या संशयावरून मारहाण केली. लेकीच्या घरी निघालेल्या या माणसाच्या डब्यांत मांस होतं, आणि ते म्हशीचं असल्याचं तो सांगत होता. त्याआधी जून २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात इगतपुरीजवळ मांस घेऊन जाणाऱ्या दोघांना जमावाने मारलं, त्यात एकाचा जीव गेला.

कायद्याने गाडी थांबवून झडती घेण्याचा अधिकार उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या पदावरच्या पोलीस अधिकाऱ्याला आणि सरकारने रीतसर अधिकार दिलेल्या व्यक्तीला आहे. गळ्यात उपरणं घालून महामार्गावर उभ्या राहणाऱ्या टोळीला तो नाही. पण रात्री अकरा वाजता टेम्पो अडवला गेला की चालकाला कलमं आठवून उपयोग नसतो.

यात औंधचा संबंध काय?

औंध हे जुनं संस्थान. पंतप्रतिनिधींच्या ताब्यातली ही ७२ गावं सलग नव्हती. औंध आणि कुंडल एकीकडे, आटपाडी महाल दुसरीकडे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर ती प्रामुख्याने आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विभागली गेली. १९३९ च्या 'औंध प्रयोगा'मुळे, म्हणजे गांधीजींच्या सल्ल्याने बालासाहेब पंतप्रतिनिधींनी गावांच्या हाती दिलेल्या कारभारामुळे, हे नाव अभ्यासकांना परिचित आहे.

पण शेतकऱ्याला हा भाग आठवतो तो बैलांसाठी. पांढऱ्या-करड्या रंगाचा, लांब टोकदार शिंगांचा, चपळ खिल्लार बैल हा या कोरड्या माणदेशाचा प्राणी. 'आटपाडी महाल' हा खिल्लारचा एक प्रकारच मानला जातो, दुसरा 'म्हसवड'. खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा या जितक्या देवाच्या, तितक्याच जनावरांच्या बाजारासाठीच्या यात्रा. औंध ज्या खटाव तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात पुसेगाव येतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखान्यासाठी जागा घेतली तीही याच संस्थानात, कुंडलजवळ. तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. त्या नांगरापुढे जुंपायला ताकदीचे बैल लागत. बैल हे या भागाचं इंजिन होतं.

आता ते काम ट्रॅक्टरने घेतलं आहे. खिल्लार गाय दूध कमी देते. या जातीचं खरं 'उत्पादन' दूध नाही, गोऱ्हा आहे. म्हणून गोवंश हत्याबंदीचा परिणाम खिल्लार पाळणाऱ्यावर आणि होल्स्टीन गाई पाळणाऱ्यावर वेगवेगळ्या प्रकारे होतो.

दूध व्यावसायिकाला नर वासरू नको असतं. त्याच्यासाठी लिंगनिश्चित वीर्यमात्रा हा काही अंशी उपाय आहे, कारण त्यातून बहुतेक कालवडीच जन्मतात. खिल्लारवाल्याला तो उपाय चालत नाही. त्याला नरच हवा असतो, आणि तो नर म्हातारा झाल्यावर त्याचं काय करायचं, हा प्रश्न त्याच्यापुढे राहतोच.

म्हाताऱ्या बैलाचा हिशेब कसा असतो?

शेतकऱ्याच्या दृष्टीने बैल हे भांडवल. ट्रॅक्टर जुना झाला तर तो मोडीत जातो आणि त्याचे पैसे येतात. बैल थकला तर पूर्वी तो विकून आलेल्या पैशांत थोडी भर घालून नवा गोऱ्हा घेतला जायचा. २०१५ नंतर ही शेवटची किंमत कायद्याने शून्यावर आणली. बाजारात बैल विकता येतो, पण शेतीसाठी. आणि म्हातारा बैल शेतीसाठी घेणार कोण?

वैरणीचा खर्च धरून पाहू. २०१९ च्या दुष्काळात माण-खटावमध्ये चारा छावण्या उघडल्या होत्या. त्या वेळी सरकार छावणीचालकांना मोठ्या जनावरामागे दिवसाला साधारण शंभर रुपयांच्या घरात अनुदान देत होतं. तोच आकडा धरला तर एका बैलाचे वर्षाला ३६,५०० रुपये होतात. कामातून गेलेला बैल पाच वर्षं जगला, तर १ लाख ८२ हजार ५०० रुपये. घरचा कडबा असेल तर रोख खर्च कमी होईल, पण तो कडबा दुभत्या जनावराच्या तोंडातून काढावा लागेल. जिथे पावसाचाच भरवसा नाही, तिथे ही निवड दरवर्षी करावी लागते.

ही चर्चा नवी नाही. पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९६९ मध्येच याच मुद्द्यावर लिहिलं होतं. देशात जनावरं जास्त आणि चारा कमी असेल, तर निरुपयोगी जनावरांचा भार उपयुक्त जनावरांवर पडतो आणि सगळीच अर्धपोटी राहतात, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. त्याआधी सावरकरांनीही गाईकडे उपयुक्त पशू म्हणून पाहावं, अशी भूमिका घेतली होती.

आकडे काय सांगतात? २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५५ लाख गोवंश होता. २०१९ च्या गणनेत तो सुमारे १ कोटी ४० लाखांवर आला, म्हणजे सात वर्षांत जवळपास १० टक्के घट. या घटीला एकटा कायदा जबाबदार आहे, असं म्हणता येणार नाही. यांत्रिकीकरण आणि दुष्काळ ही कारणंही मोठी आहेत. पण ज्या कायद्याचा हेतू गोवंश जपणं हा आहे, तो आल्यानंतरही संख्या घटतच राहिली, एवढं मात्र या आकड्यांतून दिसतं.

मग शर्यतींमुळे खिल्लार वाचला असं म्हणतात, ते काय?

त्यात तथ्य आहे. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे इथे आमदार गोपीचंद पडळकर यांनी बंदी झुगारून शर्यतीचं आयोजन केलं आणि विषय तापला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून पळणाऱ्या खोंडांना लाखांत किंमत मिळू लागली.

पण शर्यतीत पळतो तो कळपातला निवडक बैल. बाकीचे सामान्य गोऱ्हे आणि थकलेले बैल यांना त्या किमतीचा लाभ होत नाही. शर्यतीने वरच्या टोकाचा भाव वाढवला. खालच्या टोकाचा प्रश्न होता तिथेच आहे.

२०२५ मध्ये बाजार का थंडावले?

जनावरांच्या बाजारात शेतकरी आणि खरेदीदार यांच्यातला दुवा म्हणजे कुरेशी समाजाचे व्यापारी. ते फक्त कत्तलीसाठी खरेदी करत नाहीत. म्हशी, रेडे, शेळ्या-मेंढ्या, दुभती जनावरं यांची एका बाजारातून दुसऱ्या बाजारात ने-आण त्यांच्यामार्फत होते. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये या समाजाने राज्यात ठिकठिकाणी खरेदी-विक्री थांबवली. कागदपत्रं असूनही गाड्या अडवल्या जातात, मारहाण होते आणि जनावरं गोशाळेत नेऊन सोडली जातात, अशी त्यांची तक्रार होती.

परिणाम आठवड्याच्या बाजारांत लगेच दिसला. ज्या म्हशी-रेड्यांच्या विक्रीवर बंदीच नाही, त्यांनाही गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा सांगली जिल्ह्यातले शेतकरी नेते आणि आमदार सदाभाऊ खोत यांनी सत्ताधारी आघाडीत असूनही गोरक्षकांवर उघड टीका केली आणि भाकड जनावरांचा भार शेतकऱ्याने किती सोसायचा, असा सवाल केला. कायद्याच्या समर्थक पक्षांच्या गोटातूनच हा आवाज आल्यामुळे वादाला वेगळं वळण मिळालं. धर्माच्या चौकटीत होणारी चर्चा काही आठवडे तरी शेतीच्या हिशेबावर आली.

गोशाळा हा मार्ग आहे का?

सरकारचं उत्तर मुख्यतः तेच आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र गोसेवा आयोगाचा कायदा झाला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोज ५० रुपये अनुदानाची योजना जाहीर केली.

मदत खरी आहे, पण तिच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. ५० रुपये म्हणजे वर्षाला १८,२५० रुपये, वर धरलेल्या खर्चाच्या निम्मे. पैसे गोशाळेला मिळतात; घरच्या दावणीला म्हातारा बैल सांभाळणाऱ्याला नाही. आणि कत्तलबंदी सगळ्या जातींना लागू असली तरी हा लाभ देशी गाईपुरता आहे.

कायद्याच्या समर्थकांचं म्हणणं काय आहे?

ते समजून घेतल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. पहिला मुद्दा श्रद्धेचा. औंधच्या यमाईच्या यात्रेला येणाऱ्या बहुसंख्य घरांत बैल हा कुटुंबाचा घटक आहे. बेंदराला त्याला पुरणपोळी खाऊ घालायची आणि नंतर कसायाला विकायचा, हे अनेक शेतकऱ्यांना स्वतःलाच पटत नाही. दुसरा मुद्दा जमिनीचा. शेणखताअभावी जमिनीचा कस उतरतो आहे आणि रासायनिक खतं महाग आहेत. तिसरा मुद्दा अंमलबजावणीचा. प्रमाणपत्राच्या जुन्या व्यवस्थेत खोटे दाखले देऊन धडधाकट जनावरंही कापली जात, म्हणून सरसकट बंदी हवी, असं ते सांगतात.

विरोधकांच्या बाजूने शेतकऱ्याच्या हिशेबाखेरीज ताटाचाही मुद्दा आहे. मुस्लीम, ख्रिस्ती आणि दलित समाजांतल्या अनेक घरांत 'मोठ्याचं' हे परवडणारं मांस होतं. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकाने मराठवाड्यातल्या दलित घरांची ही खाद्यसंस्कृती नोंदवून ठेवली आहे. बकऱ्याच्या मटणाचे भाव पाहता, स्वस्त प्रथिनांचा एक पर्याय बंद होणं ही त्यांच्यासाठी रोजच्या जेवणातली गोष्ट आहे.

तर मग जेवणाचं काय?

औंधच्या त्या कुटुंबापुढे तीन पर्याय राहतात.

पहिला, परवानाधारक दुकानातून म्हशीचं किंवा रेड्याचं मांस आणणं. पावती घ्यावी आणि सोबत ठेवावी. मांडीचा सलग, हाडाविना तुकडा मागावा. हे मांस रंगाने गडद, चरबी कमी आणि धागा लांब. त्यामुळे धाग्याला आडवे, अर्ध्या बोटाहून पातळ काप काढून ते वरवंट्याने हलके ठेचावेत. आत परतलेला कांदा, लसूण, कोथिंबीर, गाजराच्या पट्ट्या, हवं तर उकडलेलं अंडं. सारण पूर्ण गार झाल्यावरच भरावं. गुंडाळी साध्या सुती दोऱ्याने बांधावी, सगळ्या बाजूंनी लालसर परतावी आणि कांदा-टोमॅटोच्या रश्शात झाकण ठेवून मंद आचेवर दीड ते दोन तास शिजवावी. चरबी कमी असल्याने घाई केली तर मांस चिवट होतं.

इथे एक काळजी महत्त्वाची आहे. सलग तुकड्यात जंतू बहुतेक बाहेरच्या पृष्ठभागावर असतात. गुंडाळी केली की तोच पृष्ठभाग आत जातो. म्हणून भरलेलं मांस आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवं. परदेशी पद्धतीने मधला भाग गुलाबी ठेवण्याचा प्रयोग इथे करू नये.

दुसरा पर्याय, मेंढीच्या किंवा बकऱ्याच्या मांडीचं बोनलेस मटण. शेजारच्या जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी ही या दुष्काळी पट्ट्याचीच देणगी आहे, आणि तिचं मटण रस्त्यात कुणी अडवत नाही. तिसरा पर्याय कोंबडीचा.

बहुतेक घरं दुसरा किंवा तिसरा पर्याय निवडतील. कायद्याने पहिला पर्याय खुला असूनही तो टाळला जाईल, कारण भीती कायद्याच्या पलीकडे पसरलेली आहे.

पुढे काय होऊ शकतं?

तीन गोष्टींकडे लक्ष ठेवायला हवं. एक, उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालावर सर्वोच्च न्यायालयाचा कल. बाहेरून आणलेल्या मांसाचा आणि घरातल्या खासगीपणाचा प्रश्न तिथे सुटेल. दोन, रस्त्यावरच्या झडतीचा अधिकार पोलिसांकडेच राहतो की नाही. हा नवा कायदा करण्याचा विषय नाही, आहे तो पाळण्याचा आहे. तीन, भाकड जनावरांचा खर्च कोण उचलणार. बंदी कायम ठेवायची असेल, तर अनुदान गोशाळेपुरतं न ठेवता शेतकऱ्याच्या दावणीपर्यंत न्यावं लागेल, आणि त्यात बैलालाही धरावं लागेल.

तोपर्यंत पुसेगाव-खरसुंडीच्या बाजारात देखण्या खोंडाभोवती गर्दी होत राहील. थकलेला बैल घेऊन आलेला शेतकरी मात्र संध्याकाळी त्याच कासऱ्याने त्याला परत घरी नेईल. कायद्याने त्या बैलाचा जीव वाचवला आहे. त्याच्या वैरणीची सोय मात्र अजून त्या शेतकऱ्यानेच करायची आहे.